लाय, ले, लेन, लेड: ‘पडून असणं’ आणि ‘ठेवणं’ यांतला गोंधळ मुलांच्या डोक्यातून कसा काढावा?

अमळनेरवाला

नमस्कार मंडळी. नववी-दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी इंग्रजी क्रियापदांचा सराव-संच तयार करतो आहे. बाकी सगळं मार्गी लागलं, पण एका जोडीपाशी गाडं अडलं आहे. एल-आय-ई हे ‘लाय’ आणि एल-ए-वाय हे ‘ले’. वह्यांमध्ये सर्रास दिसणारी तीन वाक्यं देतो:

‘द डॉग इज लेईंग इन द शेड.’
‘ही लाईड द बुक ऑन द टेबल.’
‘यस्टर्डे आय लेड ऑन द कॉट ऑल डे.’

तिन्ही चूक. पहिल्यात ‘लाईंग’ हवं, दुसऱ्यात ‘लेड’, तिसऱ्यात ‘ले’. व्ही वन, व्ही टू, व्ही थ्रीचा तक्ता मुलांना तोंडपाठ असतो, तरी वाक्यात हमखास चुकतात. पाठांतराच्या पलीकडची, मराठी मुलाला आतून पटेल अशी रीत हवी आहे. दुसरं काम म्हणजे कृषी विद्यालयाच्या मुलांसाठी ठिबक संच बसवण्याच्या इंग्रजी सूचना लिहायच्या आहेत, आणि त्यात तर पावलोपावली हेच क्रियापद येतं.

गिरणाकाठ

तक्ता पाठ असून उपयोग होत नाही, कारण त्यात एकच शब्द दोन घरांत बसला आहे. तिन्ही क्रियापदं एकाखाली एक लिहून बघा:

लाय (आडवं होणं, पडून असणं): लाय, ले, लेन, लाईंग.
ले (ठेवणं, अंथरणं, घालणं): ले, लेड, लेड, लेईंग.
लाय (खोटं बोलणं): लाय, लाईड, लाईड, लाईंग.

पहिल्याचा भूतकाळ आणि दुसऱ्याचं मूळ रूप, दोन्ही ‘ले’. गोंधळाचं मूळ एवढंच. मुलं क्रियापद आणि काळ एकदम ठरवायला जातात आणि या ‘ले’वर घसरतात. म्हणून क्रम पक्का करून द्या. आधी क्रियापद ठरवायचं, काळाकडे बघायचंसुद्धा नाही. त्यासाठी प्रश्न एकच: कोणी काही ठेवतंय का? ‘काय ठेवलं?’ या प्रश्नाला वाक्यात उत्तर सापडलं, म्हणजे कर्म आहे, तर ‘ले’ची ओळ. सापडलं नाही तर ‘लाय’ची ओळ. ओळ ठरली की मग काळ बघून त्याच ओळीतलं रूप उचलायचं. दुसऱ्या ओळीत डोकवायचं नाही.

तुमचं तिसरं वाक्य या रीतीने करून बघा. ‘आय’ने काय ठेवलं? काहीच नाही, तो स्वतःच पडून होता. म्हणजे ‘लाय’ची ओळ. ‘यस्टर्डे’ आहे, म्हणजे दुसरं रूप. उत्तर ‘ले’. मुलाला ‘ले’ लिहिताना हात अडखळतो, कारण तो वर्तमानकाळासारखा दिसतो. तिथे एक खूण सांगून ठेवा: ‘ही’ किंवा ‘शी’च्या पुढे वर्तमानकाळी ‘ले’ असता तर त्याला एस लागून ‘लेज’ झाला असता. ‘ही ले ऑन द कॉट’ असं एस नसलेलं रूप दिसलं, की तो ‘लाय’चा भूतकाळच.

स्पेलिंगमध्ये दोन गोष्टी चुकतात. ‘लाय’ला आयएनजी लावताना आय-ई जाऊन वाय येतो: एल-वाय-आय-एन-जी, जसं ‘डाय’चं ‘डाईंग’, ‘टाय’चं ‘टाईंग’. आणि ‘लेड’ हे एल-ए-आय-डी. मुलं ‘प्ले’चं ‘प्लेड’ बघून एल-ए-वाय-ई-डी लिहितात, पण ‘पे, से, ले’ ही तीन भावंडं वायचा आय करून नुसता डी घेतात. तिघांना एकत्र पाठ करून घ्या, चूक थांबते.

पांझरा

गिरणाभाऊंची कर्माची कसोटी बरोबर आहे, पण तिच्या आधी मराठीतून एक पायरी द्या. ही जोडी मुलांच्या तोंडात लहानपणापासून आहे. झाड पडलं, झाड पाडलं. दोर तुटला, दोर तोडला. मडकं फुटलं, मडकं फोडलं. बाळ निजलं, बाळाला निजवलं. पहिलं आपलं आपण होतं, दुसरं कोणीतरी करतं. मराठीत हे चुकणारा मुलगा शोधून सापडणार नाही. ‘मी मडकं फुटलं’ असं खानदेशात तर सोडाच, कुठेच कोणी म्हणत नाही.

इंग्रजीतही पूर्वी अशा जोड्या पाडायची चालती रीत होती. जुन्या इंग्रजीत ‘लिजन’च्या जवळचा उच्चार असलेलं एक क्रियापद म्हणजे पडून असणं आणि त्यापासूनच बनलेलं दुसरं म्हणजे पाडून ठेवणं, आडवं घालणं. आजचे ‘लाय’ आणि ‘ले’ तिथून आले. आता ती रीत मोडली, पण काही जोड्या शिल्लक राहिल्या: लाय-ले, सिट-सेट, राइज-रेझ, फॉल-फेल.

यातली शेवटची जोडी वर्गात जरूर घ्या. ‘फॉल’ म्हणजे पडणं, त्याचा भूतकाळ ‘फेल’ (एफ-ई-एल-एल). आणि ‘फेल’ हेच स्वतंत्र क्रियापद, अर्थ झाड पाडणं, त्याचा भूतकाळ ‘फेल्ड’. ‘द ट्री फेल’ म्हणजे झाड पडलं. ‘दे फेल्ड द ट्री’ म्हणजे झाड पाडलं. लाय-ले-लेडची अडचण हुबेहूब हीच आहे: पडण्याचा भूतकाळ आणि पाडण्याचा वर्तमानकाळ एकाच चेहऱ्याचे. पडणं-पाडणं मराठीत इतकं स्वच्छ आहे, की मुलांना आधी हे कळतं आणि मग ‘लाय-ले’ आपोआप सोपं होतं.

राइज-रेझसाठी हतनूरचं उदाहरण घ्या. तापीचं पाणी वाढलं, धरणाचे ४१ दरवाजे उचलले. पाणी ‘रोझ’, दरवाजे ‘वेअर रेझ्ड’. पाणी आपलं आपण चढलं, दरवाजे कोणीतरी उचलले.

मेहरूण

पांझराभाऊ, उदाहरणं सुरेख आहेत, पण शिक्षकांनी एक सावधगिरी बाळगायला हवी. ‘पडणे’ या एका मराठी शब्दाखाली इंग्रजीचे दोन वेगळे शब्द येतात. ‘सायकलवरून पडला’ हा ‘फेल’. ‘जेवण झाल्यावर जरा पडला’ हा ‘ले डाउन’. ‘कापूस आवारात पडला आहे’ हा ‘इज लाईंग’. मुलाला ‘लाय म्हणजे पडणे’ एवढंच सांगितलं, तर तो ‘मी जरा पडतो’चं ‘आय विल फॉल फॉर सम टाइम’ करतो. म्हणून अर्थ देताना ‘लाय म्हणजे आडवं होणं किंवा आडवं असणं’ असाच द्या. पडण्याची क्रिया वेगळी, पडून असण्याची स्थिती वेगळी.

दुसरी अडचण आपल्या भागातली. खानदेशी बोलण्यात ‘पुस्तक टेबलवर ठेवेल आहे’, ‘गोधडी खाटेवर पडेल आहे’ असं सहज येतं. अहिराणीत तर ‘पडेल शे’, ‘ठेवेल शे’. मुलगा ‘ठेवेल आहे’चं शब्दशः इंग्रजी करतो आणि लिहितो, ‘द बुक इज केप्ट ऑन द टेबल.’ हे वाक्य भारतभर ऐकू येतं, पण इंग्रजी ‘कीप’ म्हणजे सांभाळून ठेवणं, नेहमी एका जागी ठेवणं. ‘द कीज आर केप्ट इन द ड्रॉवर’ याचा अर्थ किल्ल्या नेहमी ड्रॉवरमध्ये ठेवतात, आत्ता तिथे असोत-नसोत. आत्ता टेबलावर पडलेल्या किल्ल्यांसाठी ‘द कीज आर ऑन द टेबल’ पुरे. त्या आडव्यातिडव्या पडल्या आहेत असं दाखवायचं असेल तर ‘आर लाईंग ऑन द टेबल’.

अमळनेरवाला भाऊ, तुमच्या संचात ‘ठेवेल आहे’ प्रकारची निदान तीन-चार वाक्यं घाला. इथली मुलं लाय आणि ले यांत चुकतात त्याहून जास्त ‘केप्ट’मध्ये चुकतात, आणि त्यांना ती चूक वाटतही नाही.

अमळनेरवाला

मेहरूणताई, हे अगदी बरोबर सांगितलंत. ‘केप्ट’ची वाक्यं वेगळ्या पानावर घेतो.

एक शंका राहते. ‘ले’चा अर्थ मुलांना ‘ठेवणे’ सांगितला, तर ‘पुट’ आणि ‘ले’ यांत फरक काय उरतो? आणि कोंबडी अंडं ‘ठेवते’ असं आपण म्हणत नाही.

गिरणाकाठ

‘ठेवणे’ हा ‘ले’चा एकच पैलू आहे. मराठीत ज्या-ज्या कामाला वेगळं क्रियापद आहे, तिथे इंग्रजी एकटा ‘ले’ वापरतं. गोधडी अंथरतो, विटा रचतो, रूळ टाकतो, पाया घालतो, फरशी बसवतो, जेवणाची पानं मांडतो, सापळा लावतो, कोंबडी अंडं घालते. या सगळ्याला ‘ले’. मुलांना एकच मराठी अर्थ न देता ही कामंच दाखवा. एवढ्या सगळ्या कामांत समान काय आहे ते त्यांनाच शोधायला लावा. वस्तू आडवी, सपाट, किंवा एका ओळीत, आणि नीट जागेवर बसेल अशी ठेवली जाते. ‘पुट’ला असली कुठलीही अट नाही. कप टेबलावर ‘पुट’ करतात, टेबलक्लॉथ ‘ले’ करतात. दप्तर कोपऱ्यात टाकलं तर ‘पुट’, आजारी माणसाला अलगद खाटेवर निजवलं तर ‘लेड हिम ऑन द कॉट’.

इतिहासाच्या उताऱ्यांत हा ‘ले’ भरपूर येतो. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने १८६०च्या दशकात खानदेशातून रूळ टाकले. भुसावळहून एक फाटा नागपूरला १८६७ साली पोचला, दुसरा १८७० साली जबलपूरशी जोडला गेला. तिथे ‘ट्रॅक्स वेअर लेड’. रूळ ‘वेअर लेन’ कधीच होत नाहीत. हा नियम मुलांना ठासून सांगा: ‘लाय’ला कर्म नाही, म्हणून त्याचा कर्मणी प्रयोग होतच नाही. ‘वॉज लेन’, ‘वेअर लेन’ असं दिसलं की डोळे मिटून चूक. ‘लेन’ फक्त ‘हॅव, हॅज, हॅड’च्या मागे येतो.

केळीचा_घड

ठिबकच्या सूचनांबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. या कामात ‘लाय’ आणि ‘ले’ दोन्ही लागतात, आणि चुकलं तर सूचनेचा अर्थच बदलतो.

मेनलाइन (मुख्य पाइप) आणि सबमेन (तिच्यातून निघणारा उपमुख्य पाइप) दीड-दोन फूट खोल चरात जातात, नाहीतर नांगराचा फाळ लागतो. शिवाय पीव्हीसी उन्हात राहिला की ठिसूळ होतो. सूचना: ‘ले द सबमेन इन द ट्रेंच.’ आज्ञार्थ आहे, पाइप कर्म आहे, म्हणून ‘ले’. मग नळ्या, म्हणजे इंग्रजीत ‘लॅटरल्स’. केळीला दीड बाय दीड मीटर अंतर धरलं तर हेक्टरी ४,४४४ झाडं बसतात, आणि नळी ओळीला लागून जाते: ‘ले द लॅटरल्स अलाँग द रोज, विथ द ड्रिपर्स फेसिंग अप.’ ड्रिपरचं, म्हणजे थेंब-थेंब पाणी सोडणाऱ्या छिद्राचं, तोंड वर ठेवायचं कारण, नळीच्या तळाशी बसलेला गाळ ड्रिपरमध्ये जात नाही.

आता पुढची सूचना बघा. नळी ताणून अंथरायची नाही. दुपारच्या उन्हात प्लास्टिक लांबतं आणि रात्री थंडीत आखडतं. दुपारी ताणून बसवलेली नळी पहाटे ग्रोमेटमधून (सबमेनला नळी जोडणाऱ्या रबरी कडीतून) निसटते. म्हणून: ‘ले देम लूज. अ लॅटरल दॅट लाइज टाइट ॲट नून विल पुल आउट ॲट नाइट.’ एकाच ओळीत दोन्ही क्रियापदं आली. माणूस नळी ‘ले’ करतो, नळी स्वतः ‘लाइज’. या वाक्यात अदलाबदल केली तर ते मोडतं.

तपासणीच्या यादीत: ‘चेक दॅट नो लॅटरल लाइज ट्विस्टेड.’ पिळा पडलेल्या नळीत पुढच्या झाडांना पाणी जात नाही. नोंदवहीत: ‘द लॅटरल्स वेअर लेड ऑन मंडे.’ आणि गोदामाबाहेर टाकून दिलेल्या पाइपांबद्दल: ‘द पाइप्स हॅव लेन इन द सन फॉर टू इयर्स, डू नॉट यूज देम.’ ‘लेन’ एरवी फारसा भेटत नाही, त्यामुळे मुलांना कृत्रिम वाटतो. असं कामाचं वाक्य दिलं की तो जिवंत होतो.

एक गोष्ट आवर्जून. पाणीपुरवठ्याच्या निविदांमध्ये ‘प्रोव्हायडिंग, लेईंग अँड जॉइंटिंग’ असा ठरलेला वाक्प्रयोग असतो. तिथे ‘लेईंग’च हवं, कारण पाइप टाकण्याचं काम आहे. ‘लाईंग’ लिहिलं, की पाइप पुरवायचे, जोडायचे आणि मधे नुसते पडून राहायचे, असा अर्थ निघतो.

पांझरा

घडभाऊ, ‘ले’ आणि ‘लाइज’ एकाच वाक्यात आणण्याची युक्ती सोन्यासारखी. सरावाची निम्मी वाक्यं अशीच असायला हवीत. सुटी वाक्यं दिली, की मुलं संचाच्या नावावरून उत्तर ताडतात.

भूगोलाच्या वाक्यांचंही सांगतो. गाव कुठे वसलं आहे, डोंगर कुठे आहे, नदी कुठल्या बाजूला, हे इंग्रजीत नेहमी ‘लाय’ने सांगतात, आणि तिथे ‘ले’ वर्तमानात येणं शक्यच नाही. ‘धुळे लाइज ऑन द पांझरा.’ ‘तोरणमाळ लाइज इन द सातपुडा.’ ‘द तापी व्हॅली लाइज बिट्वीन द सातपुडा अँड द अजिंठा हिल्स.’ मुलांना इथे आश्चर्य वाटतं, कारण डोंगर काही आडवा झोपलेला नसतो. त्यांना सांगा, नकाशा डोळ्यांपुढे आणा, नकाशावर सगळंच पसरून पडलेलं दिसतं.

भूतकाळासाठी नर्मदाकाठचं उदाहरण घ्या. अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली नर्मदेच्या काठी होतं. सरदार सरोवराच्या पाण्यात जुनी जागा गेली. इंग्रजीत: ‘द ओल्ड व्हिलेज ले ऑन द बँक ऑफ द नर्मदा. इट्स साइट नाऊ लाइज अंडर द रिझर्व्हॉयर.’ आधी ‘ले’, मग ‘लाइज’. काळ बदलला, क्रियापद तेच. ही दोन वाक्यं शेजारी ठेवली, की ‘ले’ हा ‘लाय’चा भूतकाळ असू शकतो हे मुलाच्या मनात पक्कं बसतं.

वाघूर

कायद्याच्या आणि सरकारी इंग्रजीत ही दोन क्रियापदं ठरलेल्या जागी येतात. पुढे कारकुनी किंवा वकिलीची परीक्षा देणाऱ्या मुलांना ती आत्ताच दाखवलेली बरी.

‘ॲन अपील लाइज टु द हायकोर्ट.’ म्हणजे या निकालावर उच्च न्यायालयात अपील चालतं. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बाबतीत ते औरंगाबाद खंडपीठाकडे जातं. ‘नो अपील लाइज’ म्हणजे अपिलाची सोयच नाही. इथे ‘लेज’ लिहिणं गंभीर चूक. तसंच ‘द बर्डन ऑफ प्रूफ लाइज ऑन हिम’, सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे. २०२४ साली रद्द झालेल्या १८७२च्या पुरावा कायद्यातही हेच क्रियापद होतं. ‘द डिसिजन लाइज विथ द कलेक्टर’, निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात. हक्क, जबाबदारी, दोष, कारण, अडचण ‘कुठे आहे’ हे सांगताना सगळीकडे ‘लाय’.

‘ले’च्या बाजूला: विधिमंडळात कागदपत्रं ‘आर लेड ऑन द टेबल’. आपण ‘पटलावर ठेवले’ म्हणतो, शब्दशः जुळतं. न्यायालय नियम ‘लेज डाउन’, आपण ‘घालून देतं’ म्हणतो, तेही जुळतं. इंग्रजी ‘लॉ’ हा शब्दच नॉर्स भाषेतून आलेला, मूळ अर्थ ‘घालून दिलेलं’, आणि तो याच ‘ले’च्या घराण्यातला. थराला ‘लेयर’ म्हणतात तोही इथलाच, कारण एकावर एक घातलेला. ‘लेमन’ म्हणजे सामान्य माणूस यातला ‘ले’ मात्र ग्रीकमधून फ्रेंचमार्गे आला, त्याचा या क्रियापदाशी संबंध नाही.

जोडशब्दांत गल्लत होते ती इथे: ‘लाय लो’ म्हणजे दबून, नजरेआड राहणं, भूतकाळ ‘ले लो’. पण तापाने अंथरुणाला खिळवलं तर ‘मलेरिया लेड हिम लो’. तापाने त्याला पाडलं, कर्म आलं. ‘लेड अप विथ टायफॉइड’ हेही त्यातलंच. शस्त्रं खाली ठेवली तर ‘लेड डाउन देअर आर्म्स’, स्वतः आडवे झाले तर ‘ले डाउन’.

अमळनेरवाला

वाघूर आप्पा, शेवटच्या जोडीवर थांबतो. ‘ले डाउन’ आणि ‘लेड डाउन’ कानाला सारखेच ऐकू येतात. मुलं इंग्रजी चित्रफिती ऐकून लिहितात, तेव्हा काय करायचं?

आणि दुसरी शंका. ‘द हेन्स आर लेईंग वेल’ असं वाक्य एका पुस्तिकेत होतं. कर्म नाही, तरी ‘लेईंग’. कसोटी इथे हरली का?

मेहरूण

ऐकण्याचं म्हणाल तर कान इथे फसणारच. ‘लेड’चा ड आणि ‘डाउन’चा ड एकमेकांत मिसळतात आणि एकच ऐकू येतो. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचाही गोंधळ यामुळे वाढला, आणि त्यांतले कित्येक जण बोलताना ‘लेईंग डाउन’ सहज म्हणून जातात. शतकानुशतकं म्हणत आले आहेत. म्हणून मुलाने ऐकलेलं इंग्रजी ‘चूक’ म्हणून झिडकारू नका. बोलण्यात ते चालतं, परीक्षेत आणि छापील इंग्रजीत चालत नाही, एवढं सांगा. लिहिताना कान बाजूला ठेवून ‘काय ठेवलं?’ हा प्रश्न विचारायचा.

कोंबडीचं वाक्य बरोबर आहे आणि कसोटीही हरलेली नाही. अंडी हे कर्म तिथे गृहीत आहे. आपणही ‘या कोंबड्या चांगल्या घालतात’ म्हणतो आणि अंडी हा शब्द गाळतो. ‘काय?’ विचारलं की उत्तर येतं. ‘द हेन्स आर लाईंग’ म्हटलं तर कोंबड्या आडव्या पडल्या आहेत असा अर्थ होतो, आणि कुक्कुटपालन करणाऱ्याला धसका बसेल.

खोटं बोलण्याच्या ‘लाय’बद्दल गिरणाभाऊंच्या तक्त्यापलीकडे अजून कोणी लिहिलं नाही. त्याचं मूळच वेगळं आहे, जुन्या इंग्रजीतही ते निराळं क्रियापद होतं, नंतर उच्चार एक झाला. ‘लाईड’ हे रूप फक्त त्याचं. आडवं होण्यासाठी ‘लाईड’ कधीच नाही, ठेवण्यासाठीही नाही. ‘ही लाईड डाउन’ हे वाक्य वह्यांत फार दिसतं. मुलाने नियमाप्रमाणे डी लावला, त्याचा दोष नाही, पण अर्थ खोट्याकडे गेला. पुढचा शब्द बघायला शिकवा: ‘लाय टु हिम’, ‘लाय अबाउट इट’ हे खोटं बोलणं. ‘लाय ऑन’, ‘लाय इन’, ‘लाय डाउन’, ‘लाय अंडर’ हे पडून असणं.

गिरणाकाठ

सरावासाठी एक तुकडा देतो. सगळं एकत्र आहे, रिकाम्या जागा मुलांनी भराव्यात:

‘द फार्मर ___ द वेट कॉटन ऑन अ शीट यस्टर्डे. इट ___ देअर ऑल नाइट. इट हॅज ___ देअर सिन्स. ही सेज ही टर्न्ड इट अॅट डॉन, बट ही इज ___. द शीट स्टिल ___ व्हेअर ही ___ इट.’

उत्तरं क्रमाने: लेड (कापूस कर्म, भूतकाळ), ले (कापूस आपला पडून, भूतकाळ), लेन (हॅजच्या मागे), लाईंग (खोटं), लाइज (शीट आत्ता पडून), लेड (त्याने अंथरली). पाचव्या आणि सहाव्या जागेत मुलं अडकतात. ‘व्हेअर ही लेड इट’मध्ये ‘इट’ हे कर्म शेवटी आहे म्हणून ते निसटतं. कर्म क्रियापदाच्या पुढे-मागे कुठेही असू शकतं, हे त्या जागी थांबून दाखवा. ‘द शीट दॅट ही लेड’ अशा वाक्यात तर ते क्रियापदाच्या आधीच येतं.

अमळनेरवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. ठिबकच्या सूचनांचा मसुदा केला आहे, नजर टाका:

‘१. डिग द ट्रेंच अँड ले द सबमेन.
२. ले द लॅटरल्स लूज, ड्रिपर्स फेसिंग अप.
३. डू नॉट लीव्ह पाइप्स लाईंग इन द सन.
४. फ्लश एव्हरी लॅटरल बिफोर यू क्लोज द एंड.
५. आफ्टर द लॅटरल्स हॅव लेन, चेक द प्रेशर.
६. द टूल्स आर केप्ट नियर द फिल्टर. रिटर्न देम देअर.’

केळीचा_घड

चौथी सूचना घातलीत हे फार चांगलं. शेवट बंद करण्याआधी नळी धुतली नाही, तर जोडताना आत गेलेला कचरा पहिल्याच दिवशी ड्रिपरमध्ये बसतो. सहावीतलं ‘केप्ट’ इथे योग्य आहे, कारण अवजारांची ती नेहमीची जागा.

पाचवी बदला. नळ्या कोणीतरी अंथरल्या आहेत आणि वाक्य कर्मणी आहे: ‘आफ्टर द लॅटरल्स हॅव बीन लेड.’